चार हेक्टर, ससे आणि .22ची रायफल: आधी गोळी कुठे थांबेल ते बघा

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या वायव्येला, वेस्ट आयर्टनच्या बाजूला तुम्ही चार हेक्टरचा ब्लॉक, म्हणजे जमिनीचा तुकडा, घेतलाय. सफरचंद आणि ऑलिव्हची नवी रोपं ससे बुंध्याशी सोलून टाकताहेत. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज दिलाय. आता .22 घ्यावी, .17 एचएमआर घ्यावी (हे आकडे म्हणजे गोळीचा अंदाजे व्यास, इंचात), की दुकानदार सुचवतोय ती सेमी-ऑटोमॅटिक, हे ठरत नाहीये. कॉलेजात असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू चालवलीत, आणि सावंतवाडीकडच्या घरी आजोबांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. म्हणजे बंदूक तुम्हाला अगदीच परकी नाही.

माझं उत्तर असं: बोल्ट-ॲक्शन (दर गोळीमागे बोल्ट हाताने मागे-पुढे करायची) .22 एलआर (लाँग रायफल, .22चं नेहमीचं काडतूस) घ्या, आखूड नळीची, सप्रेसर, म्हणजे आवाज दाबणारं नळकांडं, लावता येईल अशी. तिच्यात सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू जाणारी) होलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळीची) काडतुसं वापरा आणि 50 मीटरच्या पलीकडे झाडू नका. कँटरबरी या आपल्या प्रांतातल्या शेतांवर ससे आणि पॉसम (झाडांवर राहणारा उपद्रवी प्राणी) आवरणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि तुमच्याएवढ्या ब्लॉकवर जायचं असलं की मीही हीच रायफल काढतो.

आता कारणं. एनसीसीच्या रेंजवर तुमच्यासमोर 25 यार्डांवर टार्गेट असायचं आणि टार्गेटमागे मातीचा उंच बट. नेम चुकला तरी गोळी त्या मातीत जायची. तो बट कुणीतरी तुमच्यासाठी आधीच बांधून ठेवलेला होता. इथे तो तुम्हाला शोधायचाय, आणि तोही दर गोळीमागे नव्याने. चार हेक्टरचा ब्लॉक चौकोनी असेल तर त्याची एक बाजू भरते 200 मीटर. .22ची एवढीशी गोळी कोनात वर गेली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाऊन पडते आणि तिथेही माणसाला इजा करू शकते. तुमच्या आजूबाजूला तसेच चार-चार हेक्टरचे ब्लॉक आहेत, प्रत्येकात एक घर, एखादं घोडं, ट्रँपोलिनवर उड्या मारणारी पोरं. म्हणून कॅलिबर कोणतं, याआधी माझा प्रश्न असतो की गोळी कुठे थांबणार.

त्यात आपली जमीन सपाट, आणि वायमाकारिरी नदीने आणून पसरलेल्या गोट्यांची. सबसॉनिक गोळी म्हणजे 40 ग्रेन, साधारण अडीच ग्रॅम शिसं. वेग सेकंदाला 320 मीटरच्या आसपास. ती दगडावर तिरकी लागली की फुटत नाही, उसळते, आणि कुठल्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही. पाण्यावरूनही तशीच उसळते. जमिनीवर पालथं पडून नेम धरणं रेंजवर उत्तम, पण सपाट गोटाळ शेतात तीच सगळ्यात वाईट बैठक, कारण गोळी जमिनीला जवळजवळ समांतर जाते. त्यापेक्षा उंचावरून खाली झाडा. उभ्या केलेल्या, इंजिन बंद केलेल्या युटच्या (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या) हौद्यात उभं राहून केबिनच्या छतावर वाळूची पिशवी ठेवलीत, तर 40 मीटरवरच्या सशामागची जमीनच तुमचा बट होते. कोन फार मोठा नसतो, तरी फरक पडतो. गाडी हलवायची असेल तर आधी रायफल रिकामी करायची, यात सूट नाही.

परवाना येईपर्यंत वेळ आहे तर एक काम करून टाका. दिवसाउजेडी ब्लॉकभर हिंडा आणि कागदावर नकाशा काढा. स्टॉक-वॉटर रेसचा (जनावरांच्या पाण्याच्या पाटाचा) बांध, जुन्या खड्ड्याची भिंत, शेडमागचा मातीचा ढीग, जिथे जिथे गोळी मातीत रुतेल त्या जागा भरीव रंगवा. शेजाऱ्यांची घरं, रस्ता, घोड्यांचे पॅडॉक, टाक्या यांच्याकडच्या दिशांवर फुली मारा. मॅक्रोकार्पा झाडांची दाट रांग दिसायला भिंतीसारखी दिसते, पण ती गोळी अडवत नाही. पानांतून गोळी पार होते, आणि पलीकडे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही. नकाशा पुरा झाला की कळेल, तुमच्या ब्लॉकवर झाडण्याजोग्या जागा तीन किंवा चारच आहेत. सशांनाही त्याच जागी यायला लावता येतं, त्याचं पुढे सांगतो.

आता .17 एचएमआर. हे काडतूस 2002 साली बाजारात आलं. 17 ग्रेनची बारीक गोळी, वेग सेकंदाला जवळजवळ 780 मीटर. ती 120-130 मीटरपर्यंत सरळ जाते आणि लागताच फुटते, त्यामुळे उसळण्याचा धोका .22पेक्षा कमी. सेंट्रल ओटागोतल्या मोकळ्या डोंगरउतारांवर, जिथे ससा शंभर मीटरच्या आत येऊच देत नाही, तिथे मी तीच वापरतो. तुमच्याकडे तिच्या दोन अडचणी. पहिली आवाजाची. गोळी ध्वनीच्या वेगाच्या पुढे असल्याने सप्रेसर लावूनही कडाका येतोच. पहिल्या गोळीनंतर बाकीचे ससे बिळात आणि शेजारी फोनवर. दुसरी अडचण, जी लांबी तुम्हाला वापरताच येणार नाही तिच्यासाठी दर काडतुसामागे कितीतरी जास्त पैसे मोजायचे. .22 मॅग्नमचंही असंच. त्याहून कितीतरी जोरदार .223चा तर विचारही या ब्लॉकवर नको.

सेमी-ऑटोमॅटिकबद्दल. 15 मार्च 2019च्या ख्राइस्टचर्चमधल्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिकवर बंदी आली, पण दहापर्यंत काडतुसं मावणारी .22 रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आघात करून वाजवणारी) त्यातून वगळली. म्हणून दुकानदार ती दाखवतोय, आणि त्यात गैर काही नाही. पळत्या सशांच्या मागे लागणाऱ्यांना ती आवडते. मी नवख्याला ती देत नाही. सबसॉनिक काडतुसावर तिचा बोल्ट अनेकदा पुरता मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. अंधारात, थंडीत, हातमोजे घालून अडकलेलं काडतूस काढताना नळीचं तोंड कुठे आहे यावरचं लक्ष सुटतं. शिवाय पहिली गोळी झाडताच दुसरी आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) येऊन बसते. बोल्ट-ॲक्शनमध्ये ती तुम्ही हाताने, ठरवून भरता. तेवढ्या एका सेकंदात माणूस मागचं सगळं पुन्हा बघतो.

मॉडेलवर फार जीव टाकू नका. सीझेड 457, टिक्का टी1एक्स, या वर्गातली कोणतीही चालेल. चांगल्या निगराणीतली जुनी सीझेड 452 मिळाली तर मी तीच उचलेन. नळी 16 इंच, म्हणजे 40 सेंटिमीटर असली तरी .22ला पुरते, आणि सप्रेसर लावल्यावर रायफल लांबलचक होत नाही. नळीच्या टोकाला आटे पाडलेले हवेत. युरोपातल्या रायफलींवर बहुधा अर्धा इंच बाय 20चे (इंचाला 20) आटे असतात, अमेरिकेतल्यांवर बहुधा अर्धा इंच बाय 28चे. सप्रेसर आणि रायफल एकाच वेळी, एकाच दुकानातून, जोडून बघून घ्या. दस्ता खांद्याला लावून, डोळे मिटून गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीतलं चित्र पूर्ण, कडेला काळी सावली न येता दिसलं तर रायफल तुमच्या अंगाची. तुमच्या पत्नीही चालवणार असतील तर त्यांनाही हेच करून बघू दे. स्वतंत्रपणे चालवायची तर त्यांचा परवाना वेगळा लागेल.

दुर्बिणीवर पैसे वाचवणारे एका गोष्टीत हमखास फसतात. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींचा पॅरलॅक्स शंभर यार्डांवर किंवा त्याहून लांब बसवलेला असतो. 40 मीटरवर बघताना डोळा किंचित सरकला की क्रॉस, म्हणजे नेम धरायची फुलीही, सरकतो, आणि सशाच्या डोक्याएवढ्या निशाण्यावर तेवढं चुकायला पुरतं. रिमफायरसाठी 50 मीटरला बसवलेली किंवा पॅरलॅक्स फिरवता येणारी दुर्बीण घ्या. 2 ते 7 किंवा 3 ते 9 पट पुरे. जास्त पट घेतलीत की आजूबाजूचं दिसणं कमी होतं, आणि तुम्हाला आजूबाजूचं दिसायलाच हवं.

काडतुसांचं मात्र मनापासून करा. .22च्या नळीला काही काडतुसं मानवतात, काही मानवत नाहीत, आणि ते किमतीवरून सांगता येत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची सबसॉनिक होलो पॉइंटची 50-50ची चार-पाच खोकी आणा. वारा नसलेल्या सकाळी, क्लबच्या रेंजवर, 50 मीटरवर, पक्क्या टेकूवरून प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्यांचे गट काढा. ज्याचा गट 25 मिलिमीटरमध्ये बसतो ते ठेवा आणि त्याच लॉटचं (एकाच वेळच्या उत्पादनाचं) 500चं खोकं घ्या. कागद फेकू नका, तारीख आणि लॉट नंबर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी नेम बिघडल्यासारखा वाटला की आधी तोच काढायचा.

जास्त वेगाची काडतुसं वाऱ्यात कमी सरकतात, असं पुष्कळ जण धरून चालतात. .22च्या बाबतीत उलटं होतं. ध्वनीच्या वेगाच्या वर सुटलेली गोळी त्या सीमेजवळ झपाट्याने वेग गमावते, आणि असा गमावलेला वेगच वाऱ्याला वाव देतो. शंभर मीटरवर ती सबसॉनिकपेक्षा जास्त सरकते. आपल्याकडे नॉर-वेस्टर, म्हणजे वायव्येचा जोरदार वारा, सुटला की मी रायफल काढतच नाही, तो भाग वेगळा.

नेम 50 मीटरला जुळवा. दुर्बीण नळीच्या चार-एक सेंटिमीटर वर असते, त्यामुळे दहा मीटरच्या आत गोळी थोडी खाली लागते. 25 मीटरवर किंचित वर, 50वर बरोबर. 75 मीटरवर चार बोटं खाली आणि 100 मीटरवर वीतभर खाली. या वीतभर फरकातच ससे जखमी होतात. अंतराचा अंदाज दहा मीटरने चुकला तर 40 मीटरवर काही बिघडत नाही, पण 90 मीटरवर गोळी जबड्यावर नाहीतर पायावर बसते. सशाच्या डोक्याची नेमकी जागा, डोळा आणि कान यांच्या मधली, तीन-चार सेंटिमीटरची असते. शेतात, हौद्यातून किंवा काठीच्या टेकूवरून, पाचही गोळ्या तेवढ्या वर्तुळात ज्या अंतरावरून बसतात तेच तुमचं अंतर. कुणाचं 30 मीटर असतं, कुणाचं 60. मनाने वाढवू नका.

बार कसा घ्यायचा तेही सांगतो. चरताना पुढे सरकणाऱ्या सशावर झाडू नका. तोंडाने हलकी शीळ घाला. ससा थांबतो, बहुधा मान वर करतो, आणि दोन-तीन सेकंद तसाच राहतो. त्या वेळात आधी मागे काय आहे ते बघायचं, मग क्रॉस, मग चाप. गोळी बसली की सप्रेसरमुळे ‘थप्’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. लगेच बोल्ट फिरवून दुसरी भरा आणि त्याच सशावर क्रॉस ठेवा. पाय झाडणं आणि उठायचा प्रयत्न करणं यांतला फरक लवकरच ओळखू येईल. उठत असेल तर दुसरी गोळी ताबडतोब. जखमी ससा बिळात जाऊन दिवसभर तडफडतो, आणि उपद्रवी ठरवला म्हणून त्याची वेदना कमी होत नाही. मेलेल्याजवळ जाऊन खात्री करायची, तीही आधी रायफल रिकामी करून.

कधी चाप ओढूनही काडतूस वाजत नाही. रिमफायरमध्ये हे अधूनमधून होतं. बोल्ट लगेच उघडू नका. नळी त्याच सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग तोंड बाजूला ठेवून उघडा. आवाज नेहमीपेक्षा मऊ, फुसका आला तर तिथेच थांबा, बोल्ट काढून नळीतून आरपार बघा. गोळी आत अडकली असेल तर पुढचा बार नळी फोडेल.

रात्रीचं काम पहिल्या हंगामात करू नका. संध्याकाळचा शेवटचा तास आणि पहाट पुरेशी असते. रात्री स्पॉटलाइटमध्ये फक्त डोळे चमकतात, आणि डोळ्यांवरून प्राणी ठरवणं हा या देशातल्या कित्येक अपघातांचा उगम आहे. 2010 साली नॉर्थ आयलंडमध्ये एका तरुणीच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड हरणाचा डोळा समजून गोळी घातली गेली, ती जागीच गेली. थर्मल दुर्बीण घेतलीत तरी ती उष्ण आकार दाखवते, मागचं कुंपण किंवा दगड धड दाखवत नाही. इथल्या सात सुरक्षा नियमांतला चौथा म्हणतो की निशाणा कशाचा आहे याची निःसंशय खात्री करा, आणि पाचवा की आपला मारा कुठवर जातो ते तपासा. हे दोन्ही पाळून जिथे झाडता येत नाही तिथे झाडायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात. परवान्यासाठी पोलिसांकडचे लोक घरी येऊन तुमची साठवणूक बघतात आणि पती-पत्नीशी वेगळं बोलतात, त्यात अपमान मानू नका. 24 जून 2023पासून शस्त्रांची नोंदवही सुरू आहे, घेतलेली रायफल त्यात चढवायची. रायफल कुलूपबंद कपाटात, बोल्ट काढून. काडतुसं वेगळी, कुलपात. घरापासून किती मीटरवर झाडावं याचा ठराविक आकडा कायद्यात नाही, पण घराजवळ किंवा सार्वजनिक जागेजवळ कुणाला धोका, त्रास किंवा भीती वाटेल असं झाडणं गुन्हा आहे. म्हणून पहिल्या संध्याकाळच्या आधी शेजाऱ्यांच्या दारात स्वतः जा. कधी, कुठल्या बाजूला झाडणार ते सांगा, फोन नंबर द्या आणि घोडी कुठे बांधतात ते विचारा. आजोबांच्या बंदुकीबद्दल गावात कुणाला सांगावं लागत नसे, सगळ्यांना ठाऊकच असायचं. इथे ते सांगावं लागतं.

मेलेले ससे शेतात सोडू नका. काहू, म्हणजे इथला भोवत्या, ते फाडतो आणि शिशाचे कण त्याच्या पोटात जातात. कुत्र्यालाही देऊ नका. स्वतः खाणार असाल तर फक्त डोक्यात मारलेला, आणि शेजारपाजारी पिंडोन किंवा दुसरं विष कुणी टाकलेलं नाही याची विचारपूस करून. पिंडोनने रक्त गोठणं थांबतं, आणि विष खाल्लेला ससा मरेपर्यंत काही दिवस नेहमीसारखाच हिंडताना दिसतो.

रायफलीची निगा सोपी आहे. नळीला रोज ब्रश नको. मेण लावलेली शिशाची गोळी नळी झिजवत नाही. चेंबरच्या तोंडाशी काजळीचं कडं जमतं, ते काढत जा. घरी आल्यावर सप्रेसर काढूनच ठेवा, नाहीतर आतली वाफ नळीच्या टोकाला गंज आणते. रिमफायरच्या सप्रेसरमध्ये शिसं साचतं, तो धुताना हातमोजे घाला आणि स्वयंपाकघराचं सिंक वापरू नका. घरात लहान मूल असेल तर हे विशेष.

आता ज्या गोष्टीला मी रायफलीपेक्षा वरचं स्थान देतो तिच्याकडे येतो. ससे या देशात 1830च्या दशकात आले. त्यांना आवरायला 1880च्या दशकात स्टोट आणि फेरेट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी) आणले, त्यांनी इथले पक्षी खाल्ले. 1997मध्ये शेतकऱ्यांनी सशांना मारणारा विषाणू बेकायदा आणून पसरवला, 2018मध्ये सरकारी परवानगीने त्याचा के5 हा नवा प्रकार सोडला. ससे अजून आहेत. मादीचा गाभणकाळ महिनाभराचा, विण्यानंतर ती लगेच पुन्हा माजावर येते, वर्षाला 20 ते 50 पिल्लं. तुमच्या एका रायफलीने हे गणित सुटत नाही. तिचं काम, संख्या आधीच खाली आणल्यावर ती खाली ठेवणं, एवढंच.

कँटरबरीत ससे सुधारित मॅक्लीन मापाच्या (सशांची दाटी मोजायच्या पट्टीच्या) तिसऱ्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली ठेवणं जमीन ताब्यात असणाऱ्याचं कर्तव्य आहे. तिसरी पातळी म्हणजे लेंड्यांचे ढीग सरासरी दहा मीटर किंवा जास्त अंतरावर, एखाददुसरा ससा दृष्टीला पडतो. ढीग पाच-पाच मीटरवर दिसत असतील तर रायफल बाजूला ठेवा आणि विषाचं किंवा बिळांत वायू सोडण्याचं काम करणारा परवानाधारक कंत्राटदार बोलवा.

कुंपणाला 40 मिलिमीटरपेक्षा मोठं भोक नसलेली जाळी, मीटरभर उंच. खालचा वीतभर भाग बाहेरच्या बाजूला दुमडून जमिनीला खिळ्यांनी पक्का करा. ससा कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. फाटकाखालची फट सगळे विसरतात, तिथे लाकडी उंबरा बसवा. पूर्ण ब्लॉक परवडत नसेल तर फक्त बागेभोवती घाला. छाटलेल्या फांद्यांचे ढिगारे, गॉर्स या काटेरी झुडपाची जाळी, जुने पत्रे ही सशांची आश्रयस्थानं. ती झाडण्याजोग्या नसलेल्या बाजूंनी आधी साफ करा. मग उरलेले ससे तुम्ही नकाशावर भरीव रंगवलेल्या बांधाकडे वस्ती करतील, आणि तेच तुम्हाला हवंय.

वेळ पकडा मे ते जुलैची, म्हणजे इथल्या थंडीची. गवत कमी असतं, पिल्लं फारशी नसतात, आणि तेव्हा मेलेली एक मादी म्हणजे वसंतातल्या कित्येक विण्या टळल्या. ऑगस्टपासून पुढे मादी मारलीत तर बिळात डोळे न उघडलेली पिल्लं उपाशी मरतात, मी ते शक्यतो टाळतो. परवाना जूनपर्यंत आला नाही तर हा हिवाळा जाळीत आणि सफाईत घालवा, आणि तोवर प्रत्येक रोपाला अर्ध्या मीटरची प्लास्टिकची नळी चढवा. सफरचंदाची साल चहूबाजूंनी गेली तर ते झाड वाचत नाही, आणि ती जायला एक रात्र पुरते.